धर्मार्थ विक्रीवस्तू आणि लहान हस्तकला-दुकान : दानभाराचा विचार

१. विषयप्रवेश

दिवाळीच्या सुमारास हस्तकलेच्या एखाद्या लहान दुकानात गेले असता पणत्या, आकाशकंदील, लाकडी खेळणी किंवा हाताने रंगविलेली शुभेच्छापत्रे यांच्यापैकी काही वस्तूंवर एक चिठ्ठी लावलेली आढळते. या वस्तूच्या किमतीतील अमुक भाग अमुक संस्थेच्या कार्यास दिला जाईल, असे तीवर लिहिलेले असते. अशा वस्तूंना प्रस्तुत लेखात ‘धर्मार्थ वस्तू’ ही संज्ञा योजली आहे. दुकानदाराच्या सद्हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु सद्हेतू हा हिशेबाचा पर्याय नव्हे. असा उपक्रम दुकानाच्या व्यवहारास परवडतो काय, आणि परवडत असल्यास तो कोणाच्या पदराला खार लावून परवडतो, हे दोन प्रश्न येथे विचारात घ्यावयाचे आहेत. सामान्यतः पहिलाच प्रश्न विचारला जातो. दुसऱ्याचे उत्तर मिळाल्याखेरीज पहिल्याच्या उत्तरास फारसा अर्थ उरत नाही, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

धर्मार्थ वस्तूंचे तीन प्रकार प्रथम वेगळे केले पाहिजेत. पहिल्या प्रकारात दुकानदार आपल्याच मालाच्या विक्रीतून काही रक्कम संस्थेस देण्याचे जाहीर करतो. दुसऱ्या प्रकारात माल संस्थेचाच असतो व दुकानदार तो अडतीवर विकतो. तिसऱ्या प्रकारात ज्यांच्या साहाय्यासाठी संस्था चालते त्या व्यक्तींनीच, उदाहरणार्थ अंध वा मतिमंद व्यक्तींच्या कर्मशाळेने, वस्तू तयार केलेली असते. बोलण्यात हे तिन्ही प्रकार एकत्र केले जातात. परंतु त्यांचे अर्थशास्त्र भिन्न आहे. प्रस्तुत विवेचन मुख्यतः पहिल्या प्रकाराचे असून दुसऱ्याचा विचार शेवटी तुलनेसाठी केला आहे.

२. पूर्वपीठिका

वस्तू विकून लोकोपयोगी कार्यास पैसा उभारण्याची कल्पना जुनी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीचे, म्हणजे युनिसेफचे, पहिले शुभेच्छापत्र १९४९ साली निघाले. युद्धोत्तर काळात मिळालेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून झेकोस्लोव्हाकियातील एका सात वर्षांच्या मुलीने काढलेले चित्र त्यावर छापले होते. भारतात १९७९ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘क्राय’ या संस्थेने प्रारंभीच्या काळात शुभेच्छापत्रांच्या विक्रीवर आपल्या कार्याची मोठी भिस्त ठेवली होती. ही दोन्ही उदाहरणे वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

पहिल्या प्रकारास आधुनिक व्यापारात प्रतिष्ठा मिळाली ती १९८३ साली. अमेरिकन एक्स्प्रेस या कंपनीने त्या वर्षी न्यूयॉर्क येथील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या जीर्णोद्धारासाठी आपल्या कार्डाच्या प्रत्येक वापरामागे एक सेंट व प्रत्येक नव्या कार्डामागे एक डॉलर देण्याचे जाहीर केले. या मोहिमेतून सुमारे १७ लाख डॉलर उभे राहिले, आणि अशा विक्रीस व्यवस्थापनशास्त्रात स्वतंत्र नावही मिळाले. हे उदाहरण लहान दुकानदारांपुढे आदर्श म्हणून वारंवार ठेवले जाते. परंतु त्यातील एक मूलभूत भेद दुर्लक्षिला जातो. कार्डाचा आणखी एक व्यवहार करण्यास त्या कंपनीला येणारा वाढीव खर्च जवळजवळ शून्य होता. वाढलेल्या प्रत्येक व्यवहाराचे बहुतेक उत्पन्न तिच्या पदरात पडत होते. हस्तकलेच्या दुकानात प्रत्येक वाढीव नगामागे लाकूड, रंग, आणि मुख्यतः कारागिराचे तास लागतात. वाढीव खर्च इतका भिन्न असता एकाचा अनुभव दुसऱ्यास जसाच्या तसा लागू करता येत नाही.

३. हिशेबाची मांडणी

विवेचनाच्या सोयीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. रंगकाम केलेल्या एका लाकडी वस्तूची विक्रीची किंमत ५०० रुपये आहे. कारागिरास द्यावयाचे २७५ रुपये असून त्यांत १२५ रुपये कच्च्या मालाचे व १५० रुपये मजुरीचे आहेत. बांधणी, पिशवी व किरकोळ खर्च २५ रुपये. म्हणजे नगामागे बदलणारा खर्च ३०० रुपये होतो व २०० रुपये उरतात. या रकमेस येथे ‘ढोबळ शिल्लक’ म्हटले आहे. दुकानाचे भाडे, वीज, नोकराचा पगार व दुकानदाराचा स्वतःचा चरितार्थ या सर्वांची सोय याच रकमेतून व्हावयाची असते.

आता किमतीच्या १० टक्के, म्हणजे ५० रुपये, दान देण्याचे ठरले आणि किंमत तीच ठेवली तर ढोबळ शिल्लक १५० रुपयांवर येते. दान किमतीच्या दहाव्या हिश्श्याएवढे असले तरी ते शिल्लकेच्या चौथ्या हिश्श्याएवढे आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. पूर्वी १०० नग विकून मिळणारे २०,००० रुपये पुन्हा मिळविण्यासाठी आता १३४ नग विकावे लागतील. दान २० टक्के ठेवल्यास विक्री दुप्पट व्हावी लागेल. लहान दुकानाच्या बाबतीत इतकी वाढ ही केवळ मागणीची नव्हे, तर पुरवठ्याचीही समस्या आहे. कारण हातकामाचे उत्पादन सणाच्या तोंडावर एक-तृतीयांशाने वाढविणे बहुधा शक्य नसते.

याहून सूक्ष्म चूक विक्री मोजण्यात होते. धर्मार्थ वस्तूचे ६० नग खपले म्हणजे ६० नगांची विक्री वाढली, असे दुकानदारास वाटते. वस्तुतः त्यांपैकी काही गिऱ्हाइके एरवीही त्याच दुकानातून काहीतरी घेणारच होती; त्यांनी शेजारच्या फळीवरील साध्या वस्तूऐवजी चिठ्ठी लावलेली वस्तू उचलली एवढेच. समजा, ६० पैकी ४० गिऱ्हाइके अशी होती व खरोखर नवी विक्री २० नगांचीच झाली. नव्या २० नगांवर प्रत्येकी १५० प्रमाणे ३,००० रुपये मिळाले. उरलेल्या ४० नगांवर प्रत्येकी ५० प्रमाणे २,००० रुपये गेले. आणि चिठ्ठ्यांची छपाई, फलक व संस्थेशी हिशेब करण्याचा खर्च १,५०० रुपये धरला तर एकूण व्यवहार ५०० रुपये तोट्याचा ठरतो. वस्तू मात्र चांगली खपली असे सर्वजण म्हणतात.

यावरून एक साधा नियम निघतो. वरखर्च बाजूस ठेवला तर, धर्मार्थ वस्तूच्या विक्रीत खरोखर नव्या विक्रीचे प्रमाण हे दानाचे ढोबळ शिल्लकेशी जे प्रमाण असेल त्याहून अधिक असले पाहिजे. वरील उदाहरणात हे प्रमाण ५० भागिले २००, म्हणजे २५ टक्के येते. नगामागे २५ रुपये वरखर्च धरल्यास ते ३७½ टक्क्यांवर जाते. प्रत्यक्षात ते ३३⅓ टक्केच होते, म्हणून तोटा झाला. ज्या दुकानाची शिल्लक मुळातच पातळ आहे त्यास हा उंबरठा अधिक उंच पडतो, हे उघड आहे.

४. मागणीचे स्वरूप

किंमत वाढवून दानाची भरपाई करता येईल काय, हा पुढचा प्रश्न. दान देणाऱ्यास दानाच्या फलाबरोबर देण्याच्या क्रियेतूनही समाधान मिळते, ही गोष्ट जेम्स अँड्रिओनी यांनी १९९० साली सिद्धान्तरूपाने मांडली. धर्मार्थ वस्तू विकत घेणारा मनुष्य वस्तू व हे समाधान अशा दोन गोष्टी एकत्र घेत असतो. म्हणून तो थोडी अधिक किंमत देण्यास तयार असावा, असा तर्क करता येतो. एल्फेनबाइन व मॅक्मेनस यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ईबे या ऑनलाइन बाजारातील अन्यथा एकसारख्या वस्तूंच्या लिलावांची तुलना केली. दानाशी जोडलेल्या वस्तूंना सरासरी ६ टक्के अधिक किंमत आल्याचे त्यांना आढळले.

हा आकडा आपल्या उदाहरणास लावून पाहू. किंमत ५३० रुपये झाली, दान किमतीच्या १० टक्के म्हणजे ५३ रुपये झाले; शिल्लक १७७ रुपये उरली. वरखर्चाचे १,५०० रुपये धरून पूर्वीच्या १०० नगांची शिल्लक टिकविण्यास आता १२२ नग विकावे लागतील. म्हणजे गिऱ्हाइकाने अधिक किंमत दिली तरी ती दानाच्या निम्म्याहून थोडी अधिक भरपाई करते, संपूर्ण नव्हे. शिवाय लिलावातील बोली आणि दुकानातील ठराविक किंमत यांत अंतर आहे. एका करमणूक-उद्यानात एक लाखाहून अधिक व्यक्तींवर झालेल्या व २०१० सालीच प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पर्यटकांना त्यांची छायाचित्रे विकण्यात आली. ठराविक किमतीतील निम्मी रक्कम दानास जाईल असे सांगितल्याने खरेदी किंचितच वाढली. किंमत गिऱ्हाइकाच्या इच्छेवर सोडून निम्मी रक्कम दानास जाईल असे सांगितले तेव्हा मात्र व्यवहार बराच फायदेशीर ठरला. छायाचित्राच्या प्रतीस नगण्य खर्च येतो. लाकडी वस्तूची किंमत गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडता येणार नाही. परंतु दानाची रक्कम ऐच्छिक ठेवावी, हा बोध त्यातून घेता येतो.

हस्तकला-दुकानाच्या बाजूने दोन गोष्टी सांगता येतात. स्ट्राहिलेविट्झ व मायर्स यांच्या १९९८ मधील अभ्यासात दानाचे प्रलोभन गरजेच्या वस्तूंपेक्षा हौसेच्या वस्तूंच्या विक्रीस अधिक पोषक ठरल्याचे दिसले. आणि शोभेची वा भेट देण्याची वस्तू ही हौसेचीच होय. तसेच, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात ज्या विक्रेत्यांचा पूर्वलौकिक अल्प होता त्यांना दानाच्या जोडणीचा लाभ अधिक झाल्याचे आढळले. अनोळखी विक्रेत्याच्या सचोटीची खूण म्हणून गिऱ्हाईक दानाकडे पाहते. याचा अर्थ असा की नव्या वा परगावच्या गिऱ्हाइकांवर अवलंबून असलेल्या दुकानास या उपक्रमाचा काही लाभ संभवतो. तीन पिढ्या ज्या दुकानावर गावाचा विश्वास आहे त्यास तो फारसा संभवत नाही.

५. दानभार कोणावर?

सरकारने विक्रेत्यावर कर बसविला म्हणजे त्याचा भार विक्रेत्यावरच पडतो असे नाही, हे अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. ज्याची मागणी वा पुरवठा कमी लवचीक, त्याच्यावर भार अधिक सरकतो. स्वेच्छेने जाहीर केलेल्या दानाला हाच न्याय लागू पडतो, याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. चिठ्ठीवर दुकानदाराचे नाव असले तरी दानाचा भार गिऱ्हाईक, दुकानदार व कारागीर या तिघांत वाटला जातो. ही वाटणी औदार्यावर अवलंबून नसून सौदा करण्याच्या शक्तीवर अवलंबून असते.

या तिघांत कारागिराचा पुरवठा सर्वांत कमी लवचीक असतो. त्याचे कौशल्य दुसऱ्या धंद्यात कामास येत नाही. त्याचे गिऱ्हाईक म्हणजे दोन-चार दुकानदार. सणापूर्वी कच्च्या मालासाठी त्याने उचल घेतलेली असते. आणि सण उलटल्यावर त्याच्या मालास किंमत राहत नाही. अशा स्थितीत ‘यंदा संस्थेसाठी थोडे सोडा’ असे दुकानदाराने म्हटले तर त्यास नकार देणे त्याला कठीण जाते. विनंतीला धर्मकार्याचे स्वरूप असल्यामुळे ते अधिकच कठीण जाते.

वरील उदाहरणात दानाचे ५३ रुपये आहेत. त्यांपैकी ३० रुपये गिऱ्हाइकाने वाढीव किमतीच्या रूपाने दिले. उरलेल्या २३ रुपयांचा भार दुकानदाराने स्वतःवर न घेता कारागिरावर टाकला तर त्याचे २७५ चे २५२ रुपये होतात. कच्च्या मालाचे १२५ रुपये कमी होऊ शकत नाहीत. म्हणून संपूर्ण घट मजुरीत पडते व ती १५० वरून १२७ वर येते. गिऱ्हाइकाने ६ टक्के अधिक दिले, दुकानदाराने काहीच दिले नाही, आणि कारागिराने आपल्या मजुरीच्या १५ टक्क्यांहून अधिक दिले. दुकानाच्या वहीत हा उपक्रम पूर्णपणे ‘परवडणारा’ दिसेल. वस्तुतः तिघांतील सर्वांत निर्धन मनुष्य त्यात सर्वांत मोठा दाता ठरला असून त्याचे नाव चिठ्ठीवर नाही.

या संदर्भात खादीच्या इतिहासाचे स्मरण उद्बोधक ठरेल. खादी विकत घेणारा मनुष्य कापडाबरोबर एका ध्येयासाठीही पैसे देत होता. त्या अर्थी खादी ही आपल्याकडील सर्वांत मोठी ध्येयनिष्ठ विक्री होती. तथापि स्वस्त खादीच्या आग्रहात कातणाऱ्या स्त्रियांची मजुरी अत्यल्प राहते, हे ध्यानात आल्यावर गांधीजींच्या आग्रहाने १९३५ साली अखिल भारतीय चरखा संघाने कातणाऱ्यांच्या किमान मजुरीचे धोरण स्वीकारले. खादी त्यामुळे महागली व तिच्या खपाविषयी चिंता व्यक्त झाली. पण ध्येयासाठी दिलेला पैसा प्रथम श्रम करणाऱ्याच्या हाती पडला पाहिजे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. हस्तकलेच्या दुकानास हे तत्त्व आजही विसरता येणार नाही. ज्या धंद्यात मालाचा निर्माताच साहाय्यास पात्र आहे, त्या धंद्यात अन्य कार्यासाठी त्याच्या मजुरीतून दान काढणे हा विसंगत व्यवहार होय.

६. शब्दांची अचूकता आणि कायद्याची बाजू

‘नफ्याचा दहावा हिस्सा’ व ‘किमतीचा दहावा हिस्सा’ यांतील भेद गिऱ्हाइकांच्या ध्यानात सहसा येत नाही. नफ्याची टक्केवारी लोक किमतीची टक्केवारी समजून चालतात, असे २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. आपल्या उदाहरणात २०० रुपयांच्या शिल्लकेतून भाडे-पगाराचे नगामागे १५० रुपये वजा केले तर निव्वळ नफा ५० रुपये व त्याचा दहावा हिस्सा ५ रुपये होतो. गिऱ्हाईक मात्र ५० रुपये दिल्याचे समाधान घेऊन जाते. असे समाधान दुहेरी हानी करू शकते. वस्तू घेऊन आपले कर्तव्य झाले असे वाटल्याने लोक प्रत्यक्ष दान कमी करतात, असा निष्कर्ष अराधना कृष्णा यांनी २०११ मध्ये मांडला आहे. तेव्हा ‘या वस्तूमागे ५० रुपये’ असा नगामागे निश्चित रकमेचा उल्लेख हाच प्रामाणिक होय. इंग्लंडमध्ये १९९२ च्या धर्मादाय कायद्याने अशा व्यापाऱ्यावर संस्थेशी करार करण्याचे व दानाची रक्कम गिऱ्हाइकास स्पष्ट सांगण्याचे बंधन घातले आहे.

भारतात कराच्या बाजूने फारशी सवलत मिळेल अशी अपेक्षा दुकानदाराने धरू नये. किमतीतील दानाचा भाग हाही किमतीचाच भाग असल्यामुळे, नोंदणीकृत व्यापाऱ्यास वस्तू व सेवा कर पूर्ण किमतीवर द्यावा लागतो. आयकरात मान्यताप्राप्त संस्थेस दिलेल्या दानाबद्दल वजावटीची तरतूद आहे. परंतु कमी दरांची नवी करपद्धती स्वीकारणाऱ्यास ती मिळत नाही, आणि २,००० रुपयांहून अधिक दान रोखीने दिल्यास जुन्या पद्धतीतही ती मिळत नाही. गल्ल्याशेजारी दानपेटी ठेवणे ही याहून वेगळी गोष्ट होय. तो विक्रीचा व्यवहार नसून लोकांकडून धर्मादाय कार्यासाठी द्रव्य गोळा करणे होय, व महाराष्ट्रात त्यावर धर्मादाय आयुक्तांचे नियंत्रण आहे. म्हणून तेथे नोंदणीकृत संस्थेची लेखी संमती व तिची पावती असल्याखेरीज दुकानदाराने हात घालू नये.

७. समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा की, ठराविक किमतीतून टक्केवारीने दान देण्याचा उपक्रम लहान हस्तकला-दुकानास केवळ नफ्याच्या दृष्टीने क्वचितच परवडतो. तो परवडलेला दिसतो तेव्हा नव्या विक्रीचा आकडा फुगवून धरलेला आहे काय, किंवा भार कारागिरावर सरकला आहे काय, हे तपासून पाहिले पाहिजे.

याचा अर्थ दुकान व लोकोपयोगी संस्था यांचा संबंधच नसावा असा नव्हे; संबंधाचे स्वरूप बदलले पाहिजे. संस्थेनेच दुकानाकडून घाऊक माल विकत घ्यावा व आपल्या हितचिंतकांना विकावा, हा मार्ग अधिक निकोप आहे. वरील वस्तू संस्थेस ४२५ रुपयांस दिली तर कारागिराचे २७५ रुपये अबाधित राहतात, दुकानास १२५ रुपये शिल्लक उरते आणि ५२५ रुपयांस विकून संस्थेस १०० रुपये मिळतात. नगामागे दुकानाची शिल्लक कमी दिसते. पण मागणी आगाऊ नोंदविलेली असते, माल पडून राहत नाही, आणि ही गिऱ्हाइके संस्थेने आणलेली असल्यामुळे जवळजवळ सर्व विक्री नवी असते. युनिसेफ व क्राय यांच्या शुभेच्छापत्रांचे बळ याच गोष्टीत होते : विक्रीची प्रेरणा व गिऱ्हाईक ही दोन्ही संस्थेकडून येत. ज्या दुकानास हा मार्ग उपलब्ध नाही त्याने वस्तूची किंमत कायम ठेवून दानाची वाढीव रक्कम, संस्थेच्या संमतीने व पावतीने, गिऱ्हाइकाच्या इच्छेवर सोपवावी.

तरीही एखाद्या दुकानदारास स्वतःच्या शिल्लकेतून दान द्यावयाचे असेल, तर तो त्याचा अधिकार आहे आणि त्याचे स्वागतच होईल. फक्त तो खर्च दान म्हणूनच वहीत लिहावा. विक्रीवाढीची युक्ती म्हणून त्याचे समर्थन करू नये. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने येथे प्रत्यक्ष पाहणीस वाव आहे. एकाच दुकानात आळीपाळीने एक आठवडा चिठ्ठी लावून व एक आठवडा न लावता, एका वस्तूची नव्हे तर संपूर्ण दुकानाची विक्री नोंदविली, आणि त्याच काळात कारागिरास दिलेला दर तपासला, तर दानभाराची वाटणी मोजता येईल. त्या नोंदवहीतील कारागिराच्या दराचा रकाना घटलेला नसेल, तरच तो उपक्रम खऱ्या अर्थाने परवडला असे म्हणता येईल.